तांदार्त्स की तांत-आर्त्स? डच जोडशब्दांचा सांधा आणि जोर

प्रश्न आधी थोडक्यात सांगते. विचारणाऱ्या ताई दीड वर्षापासून नेदरलँड्समधल्या आइंडहोवनमध्ये आहेत आणि डच शिकतायत. वर्गात त्यांना सांगितलं गेलं की जोडशब्दात जोर पहिल्या शब्दावर येतो. मग आम्स्तर्दाममध्ये तो शेवटी का? नगरपालिकेच्या ‘स्तातहाउस’मध्ये तो ‘हाउस’वर का ऐकू येतो? शिवाय दातांच्या दवाखान्यात त्यांनी पाटीवरचा शब्द नीट वाचून म्हटला, तरी समोरच्या बाईंनी तीनदा ‘काय?’ विचारलं. लांबलचक शब्द कुठे तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा, याचा एकच काही नियम आहे का?

ताई, तुम्हाला हे दोन प्रश्न वाटतायत, तोडण्याचा वेगळा आणि जोराचा वेगळा. माझ्या अनुभवात तो एकच प्रश्न आहे: सांधा, म्हणजे दोन शब्द जुळतात ती जागा, कुठे आहे? मी इथे बरीच वर्षं मराठी माणसांना डच शिकवते. जोर चुकलेला विद्यार्थी मी उलट तपासते तेव्हा दहातल्या आठ वेळा त्याने सांधाच चुकीच्या जागी पकडलेला असतो. सांधा सापडला की तोडणीचा प्रश्न संपतो आणि जोराचा बराचसा सुटतो. उरतो तो अपवादांचा भाग. तो पाठ करावा लागतो, त्याला इलाज नाही.

दवाखान्यात काय झालं असेल याचा मला चांगलाच अंदाज आहे, कारण मी स्वतः त्यातून गेले आहे. नवीन असताना एका दवाखान्यात फोन करून मी ‘हाउसार्त्स’ हवेत म्हणून सांगत होते. म्हणजे फॅमिली डॉक्टर. हाउस म्हणजे घर, आर्त्स म्हणजे डॉक्टर. शब्द बरोबर, अक्षरं बरोबर, आणि पलीकडे शांतता. मग त्या बाई म्हणाल्या, “अच्छा, हाउस-आर्त्स!” मला वाटलं, मी वेगळं काय म्हणत होते? वेगळं होतंच. मी म्हणत होते हाउ-सार्त्स. त्यांच्या कानाला ‘सार्त्स’ नावाचा शब्दच माहीत नाही.

ही चूक कुठून येते ते सांगते. आपण ऐकलेला शब्द वहीत देवनागरीत लिहून घेतो. देवनागरीचा स्वभावच असा की व्यंजनापुढे स्वर आला की त्याची मात्रा होऊन तो व्यंजनाला चिकटतो. स् पुढे आ आला की ‘सा’ लिहिलं जातं, आणि सांधा त्या एका अक्षराच्या पोटात गडप होतो. दंतवैद्याचंही तेच. तांद म्हणजे दात, आर्त्स म्हणजे डॉक्टर, आणि वहीत पडतं ‘तांदार्त्स’. म्हणून माझ्या वर्गात पहिल्या दिवसापासून सक्त नियम आहे: वहीत मधे आडवी रेघ मारल्याशिवाय जोडशब्द लिहायचा नाही. (त, द मी मुद्दाम लिहिते. डच लोकांची जीभ त्या आवाजांसाठी आपल्या ‘त’, ‘द’च्या जवळपास टेकते. ट, ड लिहिलंत तर सगळं इंग्रजी वळणावर जाईल. आणि खाली जिथे ऽ दिसेल तिथे ओठातल्या ओठात म्हटलेला अर्धवट ‘अ’ समजा.)

आता मजा पाहा. तांद या सुट्या शब्दाच्या शेवटी लिहिताना ‘डी’ आहे, पण बोलताना तो ‘तांत’ होतो. डचमध्ये शब्दाच्या शेवटी द, ब यांसारखे घोष आवाज टिकत नाहीत, ते त, प असे कठोर होतात. अनेकवचनात मात्र द परत येतो, तान-दऽन, कारण आता तो शेवटी नाही, पुढच्या तुकड्याच्या सुरुवातीला आहे (तुकडा म्हणजे एका झटक्यात उच्चारला जाणारा भाग). मग दंतवैद्यात काय होतं? तिथेही पुढे स्वर आहे, म्हणजे ‘द’ व्हायला हवा, असं आपल्याला वाटतं. पण नाही. तांत-आर्त्स. पहिला शब्द सांध्यापाशी असा संपतो, जणू त्याच्यापुढे काही नाहीच. सावकाश बोलताना डच माणूस ‘आ’च्या आधी घसा किंचित अडवतोसुद्धा.

आपल्याला हे अवघड जातं, कारण आपल्या शाळेत संधी बरोबर उलट्या दिशेने शिकवलेला आहे. जगत् + ईश = जगदीश. वाक् + ईश = वागीश. आपल्याकडे पुढे स्वर आला की कठोर व्यंजन मृदू होतं. डचमध्ये सांध्यावर मृदू व्यंजन कठोर होतं. संध्याकाळचं जेवण म्हणजे आफोन्द + एतऽन, आणि उच्चार आफोन्त-एतऽन. तुमच्या गावाचं नावच घ्या ना. आपण मराठीत आइंडहोवन म्हणतो, तिथले लोक एइन्त-होफऽन म्हणतात. शेजारचं फेल्दहोफऽन, जिथे एएसएमएल या चिप बनवण्याची यंत्रं तयार करणाऱ्या कंपनीत आपली इतकी मंडळी काम करतात, ते फेल्त-होफऽन. ‘द’चा ‘त’ झालेला ऐकू आला की समजायचं, इथे सांधा आहे. यासारखी खूण दुसरी नाही.

संस्कृत संधी अगदीच वाया जात नाही, बरं का. पुढच्या शब्दाची सुरुवात ब किंवा द ने झाली तर डचही आपल्यासारखंच वागतं. झाक म्हणजे खिसा, दूक म्हणजे कापड. खिशातलं कापड म्हणजे रुमाल. उच्चार होतो झाग-दूक. तत् + भव = तद्भव होतं, तसंच हे. हा ‘ग’ ऐकून नवखे लोक चक्रावतात, कारण एरवी डचमध्ये ‘जी’ लिहिलेलं असलं की बहुतेक वेळा घशातून खरवडून ‘ख’च येतो.

आणि ज्यांना वाटतं आपल्या कानाला सांधा कळतच नाही, त्यांना मी त्याच रुमालाचं मराठी विचारते. हातरुमाल. तुम्ही कधी ‘हा-तरुमाल’ म्हणता का? परसबागेला ‘पर-सबाग’ म्हणता का? लिहिताना ‘हात’मधला त पूर्ण आहे, पण तोंडाने आपण हात्-रुमाल म्हणतो. सांध्यावरचा अ गिळतो, तोही बरोबर त्याच जागी. ही जाण आपल्यात आहे, फक्त आपल्या भाषेत ती अ गिळून दिसते, त्यांच्या भाषेत द कठोर होऊन.

आता जोर. डचमध्ये त्याला क्लेमतोन म्हणतात. ‘जोर पहिल्या शब्दावर’ हे तुम्हाला सांगितलं ते बरोबरच आहे, पण ऐकणारा त्याचा अर्थ ‘जोर पहिल्या तुकड्यावर’ असा घेतो आणि घोळ होतो. नियम असा आहे: पहिला शब्द एकटा असताना त्याचा जोर जिथे असतो, तिथेच तो जोडशब्दात राहतो. हाउस, तांद, स्लाप (झोप) हे एका तुकड्याचे शब्द, तिथे प्रश्नच नाही. पण तुमच्या टपालपेटीत निळ्या पाकिटातून येणारं कर खात्याचं पत्र घ्या. बऽलास्तिंग-दीन्स्त. बऽलास्तिंग म्हणजे कर, त्याचा जोर ‘लास’वर, म्हणून संपूर्ण शब्दाचा जोरही ‘लास’वर. राहण्याचा परवाना, फऽरब्लेइफ्स-फऽरखुनिंग: जोर ‘ब्लेइफ्स’वर. खऽमेन्तऽ-हाउस, म्हणजे नगरपालिकेची इमारत: जोर ‘मेन’वर. बऽ, खऽ, फऽर हे सुरुवातीचे बारीक तुकडे जवळजवळ कधीच जोर घेत नाहीत. आणि तुम्हा मंडळींची सरकारी ओळख, केनिस-मिख्रांत, तिथे जोर ‘के’वर, कारण ‘केनिस’ म्हणजे ज्ञान, आणि त्याचा जोर मुळात पहिल्या तुकड्यावर आहे. ‘मिख्रांत’ (स्थलांतरित) सुटा असता तर ‘ख्रांत’ उचलला असता, इथे तो दबतो.

दबतो म्हणजे मरत नाही, हे फार महत्त्वाचं. दुसऱ्या शब्दाला दुय्यम जोर असतोच, त्याचा स्वर पूर्ण म्हणायचा. जोराचा नियम कळला की उत्साहाच्या भरात काही जण उरलेला शब्द चघळून टाकतात, ‘तांतर्त्स’ करून ठेवतात. त्यापेक्षा सगळं सपाट म्हटलेलं परवडलं. आणि जोर म्हणजे ओरडणं नाही. तो तुकडा किंचित लांबवा, सूर थोडा वर न्या, पुढे खाली उतरा. आपल्या मराठीत जोराने शब्दाचा अर्थ बदलत नाही, म्हणून आपण तो ऐकायला शिकलेलोच नसतो. डचमध्ये बदलतो. फॉर्म भरताना ‘फोरनाम’ दिसतं ना, पहिलं नाव? तिथे जोर ‘फोर’वर. तोच शब्द ‘नाम’वर जोर देऊन म्हटला तर अर्थ होतो प्रतिष्ठित, खानदानी.

सांधा आणि जोर एकमेकांत किती गुंतलेले आहेत हे दाखवायला मी वर्गात एकच शब्द फळ्यावर लिहिते. एम-ए-एस-एस-ए-जी-ई-बी-ई-डी. डच लोकांचा हा आवडता विनोद आहे. आधी सगळ्यांना मनातल्या मनात वाचू देते, मग एकेकाला मोठ्याने म्हणायला लावते. सांधा ‘बी’च्या आधी पकडला तर मासाझऽ-बेत, मालिशचा पलंग. जोर ‘साझ’वर, कारण मासाझऽ हा फ्रेंचमधून आलेला शब्द आहे आणि त्याचा जोर तिथेच असतो. सांधा ‘जी’च्या आधी पकडला तर मासा-खऽबेत. मासा म्हणजे जनसमुदाय, खऽबेत म्हणजे प्रार्थना, सामुदायिक प्रार्थना. जोर अगदी सुरुवातीला. सांधा दोन अक्षरं मागे सरकला आणि काय काय बदललं पाहा: जोर हलला, ‘जी’चा उच्चार झ चा ख झाला, अर्थ मालिशवरून देवाकडे गेला. कागदावर एकही अक्षर बदललेलं नाही.

दुसरा शब्द जरा हलका. डिसेंबरात सुपरमार्केटमध्ये छोट्या चेरी टोमॅटोंचं पाकीट मिळतं, केर्स-तोमात्यऽ. केर्स म्हणजे चेरी. पण केर्स्त म्हणजे नाताळ आणि ओमात्यऽ म्हणजे लाडकी आजी, त्यामुळे तोच शब्द केर्स्त-ओमात्यऽ असा वाचला तर पाकिटात नाताळातल्या छोट्या आज्या. इथे मुख्य जोर दोन्ही वेळा ‘केर्स’वरच आहे. फरक पडतो तो दुय्यम जोराने, ‘मात’वर की ‘ओ’वर. दुसऱ्या शब्दाचा स्वर चघळू नका म्हणते ते यासाठीच.

इथवरचं थोडक्यात: आधी सांधा शोधा, सांध्यापाशी पहिला शब्द पूर्ण संपवा, मग त्या पहिल्या शब्दाचा स्वतःचा जोर जिथे असेल तिथे सूर वर न्या.

लांब शब्दांचं काय? तिथे मी उजवीकडून वाचायला सांगते, कारण डचमध्येही मराठीसारखा मुख्य शब्द शेवटी असतो. तुमच्याकडेही बहुधा असेल तो विमा घ्या, आपल्या हातून दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा: आनस्प्राकऽलऽकहेइत्सफऽरझेकऽरिंग. शेवटी फऽरझेकऽरिंग दिसतंय, म्हणजे विमा. तो बाजूला काढा. उरलेल्याच्या शेवटी एक ‘एस’ लोंबकळतोय. तो डिंक आहे, त्याला स्वतःचा अर्थ नाही, आणि तो नेहमी डावीकडच्या शब्दाला चिकटून राहतो. ‘हेइद’ आणि ‘तेइत’ यांनी संपणाऱ्या नामांपुढे जोडशब्दात हा डिंक येतोच, म्हणून ‘हेइत्स’, ‘तेइत्स’ दिसलं की सांधा सापडला म्हणून समजा. ‘इंग’पुढे तो बऱ्याचदा येतो, पण भरवसा नाही, वरच्या कर खात्याच्या शब्दात नाहीच. या विम्याचा जोर ‘स्प्रा’वर, कारण आनस्प्राकऽलऽक या मूळ शब्दाचा तिथेच आहे.

तीन शब्द जोडलेले असतील तर एक वळण ध्यानात ठेवा. लहान मुलांच्या पाळणाघराला किंदर-दाखफऽरब्लेइफ म्हणतात. नियमाप्रमाणे जोर ‘किन’वर यायला हवा, पण तो ऐकू येतो ‘दाख’वर. कारण इथे मोठा सांधा ‘किंदर’नंतर आहे आणि उजवीकडचा भाग (दाख + फऽरब्लेइफ, दिवसभर राहण्याची जागा) स्वतःच जोडशब्द आहे. उजवी बाजू अशी भारी असली की पुष्कळदा जोर तिच्याकडे झुकतो. 1798 पासून इथले रस्ते आणि पाणी सांभाळणारं सरकारी खातं रेइक्स-वातरस्तात, तिथेही जोर ‘वा’वर. डावी बाजू जोडलेली असेल, जसं हाउसआर्त्सऽन-पोस्त (रात्री-अपरात्री जायचं डॉक्टरांचं केंद्र), तर जोर मुकाट्याने सुरुवातीला.

आता तुमचं स्तातहाउस. होय, तिथे जोर ‘हाउस’वर आहे आणि तो अपवाद आहे. गंमत म्हणजे ज्या अर्थाने तुम्ही तो शब्द वापरता त्याच अर्थाचं खऽमेन्तऽहाउस मात्र नियमाने चालतं. त्या इमारतीतली माणसंही अपवादच: महापौर बुर्खऽमेस्तर, जोर ‘मेस’वर, आणि त्यांचे सहकारी वेतहौदर, जोर ‘हौ’वर. नियम करणाऱ्यांच्याच घरी नियम मोडलेला, असं मी वर्गात म्हणते, त्यामुळे हे तिघे लक्षात राहतात.

अपवादांची दुसरी टोळी भाजीबाजारात भेटते. कोल म्हणजे कोबी. ब्लूम-कोल, फुलकोबी, जोर ‘ब्लूम’वर, शहाण्यासारखा. झ्यूर-कोल, आंबवलेला कोबी, तोही तसाच. पण लाल कोबी रोदऽ-कोल, जोर ‘कोल’वर. का? कारण ‘रोदऽ’ला चिकटलेला तो ऽ. वाक्यात विशेषण नामाआधी येताना बहुतेकदा हा प्रत्यय घेतं, आणि तिथे जोर नामावर पडतो. दोन शब्द एकत्र लिहिले जाऊ लागले, तरी जुनी चाल तशीच राहिली. होखऽ-स्खोल (उच्च शिक्षणाचं कॉलेज), वित्तऽ-ब्रोत (पांढरा पाव), ब्लिंदऽ-दार्म (अपेंडिक्सच्या दुखण्यात ऐकू येणारा शब्द), सगळ्यांचा जोर शेवटी. उलट स्नेल-वेख (हायवे) आणि ख्रोत-फादर (आजोबा) यांच्यात तो प्रत्यय नाही आणि जोर पुढे आहे. विशेषणाला शेपूट असेल तर जोर नामावर, हा माझा ठोकताळा. तो वर्गात पुष्कळ चालतो, पण परीक्षेत कारण म्हणून लिहू नका. हिवाळ्यात बटाट्यात कुस्करून खातात त्या बूरऽ-कोलला मात्र हे कारणही लागू नाही. बूर म्हणजे शेतकरी, नाम आहे, तरी जोर ‘कोल’वर. पाठ करा आणि पुढे जा.

गावांच्या नावांत ‘दाम’ असेल तर जोर ‘दाम’वर: आम्स्तर्दाम, रोत्तर्दाम, स्खिदाम, एदामसुद्धा. आम्स्तलफेनचा ‘फेन’वर. पण तुमचं एइन्तहोफऽन पहिल्यावर आणि आपलदोर्नही पहिल्यावर. रेल्वेतली उद्घोषणा कान देऊन ऐका, प्रत्येक स्टेशनागणिक फुकटची शिकवणी आहे.

लिहिताना ओळीच्या शेवटी तोडायचं असेल तर तिथेही सांधा सगळ्यांवर मात करतो. सुट्या शब्दात एकटं व्यंजन पुढच्या तुकड्याकडे जातं आणि दोन असली तर वाटली जातात, म्हणून तान-दऽन. जोडशब्दात मात्र तांद-आर्त्स असंच तोडायचं. तान-दार्त्स ही चूक धरतात. एकटं अक्षर ओळीत लोंबतं ठेवत नाहीत, म्हणून आफोन्द-एतऽन फक्त सांध्यावरच तुटतो. शंका आली तर ‘हिरवं पुस्तक’ उघडा. 1954 पासून निघणारी ती अधिकृत शब्दयादी आहे, आता ऑनलाइनही आहे, आणि त्यात शब्द कुठे तुटतो ते दिलेलं असतं. दोन स्वर समोरासमोर येऊन गोंधळ होणार असेल तर डच लोक सांध्यावर स्वतःच रेघ मारतात: समुद्री बदक झे-एन्द, मोटार अपघात औतो-ओन्खलुक. तिथे तुमचं काम त्यांनीच केलेलं असतं.

काही गोष्टी परिस्थितीवर अवलंबून आहेत, हेही सांगायला हवं. भरभर बोलताना सांधे थोडे झिजतात. ‘फुलकोबी नको, लाल कोबी’ असं ठासून सांगताना कोणीही जोर ‘रो’वर नेईल, तेव्हा तो नियमभंग नसतो. पॅनकेकच्या पानऽन-कूकमधला सांध्याआधीचा ‘न’ बहुतेक जण गिळतात, ईशान्येकडे ख्रोनिंगनच्या बाजूला मात्र तो ठसठशीत ऐकू येतो. आणि काही शब्द इतके जुने आहेत की बोलणाऱ्यांना सांधा जाणवतच नाही, जसा आपल्याला ‘दिवाळी’त दीप आणि आवली जाणवत नाहीत. बटाटा, आर्द + आपल, जमिनीतलं सफरचंद. ओळीच्या शेवटी तोडताना आर्द-आपल असंच तोडतात. पण बोलताना? आर-दापल. ‘द’ टिकतो, चक्क पुढच्या स्वराला चिकटतो. म्हणजे तुम्ही दंतवैद्याच्या शब्दात जी चूक केलीत, ती बटाट्यात बरोबर ठरते!

सरावाचं म्हणाल तर याद्या पाठ करू नका. या आठवड्यात आलेली सरकारी पत्रं आणि सुपरमार्केटचं एक पत्रक घ्या, त्यातले दहा जोडशब्द काढा, पेन्सिलीने सांध्यावर रेघ मारा, पहिला शब्द एकटा म्हणून बघा, त्याचा जोर अधोरेखित करा, मग पूर्ण म्हणा. एखादा शब्द ऐकवणारा ऑनलाइन शब्दकोश जवळ ठेवा आणि पडताळा. दवाखान्यात पुन्हा जाल तेव्हा ‘तांत’ म्हणा, तिथे थांबल्यासारखं करा, आणि ‘आर्त्स’ सूर उतरवून पण पूर्ण म्हणा. पहिल्या दोन-तीन वेळा आपण उगीच तुटक बोलतोय असं तुम्हाला वाटेल. समोरच्या बाईंना तसं वाटणार नाही.